अंगणातून ग्रहांची छायाचित्रे

शिक्षकांच्या शिबिरांत बोलायला गेलो म्हणजे एक प्रश्न हमखास येतो. "सर, पुस्तकांत गुरूचे आणि शनीचे जे फोटो असतात, तसे आमच्या शाळेच्या आवारातून काढता येतील का?" श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेच आहे. मात्र त्यापुढे चार गोष्टी सांगाव्या लागतात. पुस्तकांतले पुष्कळसे फोटो यानांनी ग्रहाच्या अगदी जवळ जाऊन घेतलेले असतात. त्यांच्याशी आपली स्पर्धा नाही. पण गुरूचे पट्टे, त्याचा तांबडा डाग, शनीची कडी आणि त्या कड्यांमधली काळी फट ही सहा ते आठ इंची दुर्बिणीतून, घराच्या अंगणातून टिपता येतात. जगभर हजारो हौशी माणसे ती टिपत आहेत. त्यांत कोणी दुकानदार आहेत, कोणी संगणकाचे काम करणारे आहेत, तर कोणी शिक्षक.

आधी ग्रह दिसतो केवढा, ते पाहू. आपल्या पंचांगात अंश, कला, विकला अशी मापे आहेत. एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. ग्रहांच्या कामात हे विकलेचे मापच उपयोगी पडते. साडेचार-पाच किलोमीटरवर धरलेले रुपयाचे नाणे जेवढे दिसेल, तेवढी एक विकला. चंद्र अर्धा अंश, म्हणजे १,८०० विकला. गुरू आपल्याला जवळ असतो तेव्हा सुमारे ४५ विकला. शनीचा गोल वीसएक विकला, त्याची कडी धरली तर दुप्पटीहून थोडी जास्त. मंगळाची तर कमालच आहे. तो दूर असताना चारएक विकलांचा ठिपका असतो, आणि फार जवळ आला तर पंचवीस विकलांपर्यंत वाढतो. असा तो २००३ च्या ऑगस्टमध्ये आला होता.

म्हणजे चंद्र गुरूच्या चाळीसपट मोठा दिसतो. याचा उलट अर्थही घ्या. दुर्बिणीची शक्ती चाळीसपट असली, तर त्या दुर्बिणीतला गुरू नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा होतो. हे गणित मुलांना फळ्यावर करून दाखवावे. त्यांना ते फार आवडते.

तर शक्ती ही काही अडचण नव्हे. बाजारात छोट्या दुर्बिणीच्या खोक्यावर 'सहाशेपट' वगैरे लिहिलेले असते, त्याला भुलू नये. बारीक तपशील वेगळा दाखवण्याची ताकद दुर्बिणीच्या तोंडाच्या रुंदीवर ठरते. ११६ या आकड्याला आरशाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागले की किती विकलांचा तपशील दिसेल ते निघते. आठ इंची म्हणजे २०० मिलिमीटरच्या आरशाला सुमारे ०.५८ विकला. गुरूच्या ४५ विकलांच्या गोलावर हा तपशील चांगलाच भरतो. कागदावर पाहिले तर सारे सोपे आहे.

मग अडते कुठे? अडते हवेशी.

वाहत्या ओढ्याच्या तळाशी पडलेला पैसा आपण पाहिलेला असतो. तो जागेवरच असतो, पण वरचे पाणी हलत असल्यामुळे तो लांबतो, आखडतो, दोनाचे चार होतो. मधेच क्षणभर पाणी निवळते आणि त्याच्यावरची अक्षरेसुद्धा वाचता येतात, पुन्हा गढूळ. आपण असेच हवेच्या समुद्राच्या तळाशी बसून वर पाहतो. हवेतले गरम आणि गार थर एकमेकांत मिसळत असतात, प्रत्येक थरातून प्रकाश निराळा वाकतो, आणि दुर्बिणीतला ग्रह उकळत्या दुधावरच्या सायीसारखा थरथरतो. बहुतेक रात्री या थरथरीने तपशील एक-दोन विकलांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक फासला जातो. म्हणजे आपल्या आरशाची अर्ध्या विकलेची ताकद फुकट जाते.

फिल्मच्या काळी हौशी माणूस इथेच हरायचा. मोठा केलेला ग्रह अंधूक होतो, म्हणून फिल्मवर उमटायला कधी एक सेकंद, कधी कित्येक सेकंद द्यावे लागत. तेवढ्या वेळात ग्रह शंभर वेळा थरथरे आणि त्या शंभर थरथरींची सरासरी म्हणजे एक पुसट गोळा फिल्मवर उमटे. डोळा त्या मानाने हुशार. हवा क्षणभर निवळली की डोळ्याला तपशील दिसून जाई आणि पाहणारा तो कागदावर काढी. म्हणून कितीतरी वर्षे ग्रहांच्या बाबतीत फोटोपेक्षा हाताने काढलेले चित्र सरस मानले जाई. फ्रान्समधल्या पिक द्यु मिदी या डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेत बर्नार लिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात एक युक्ती केली. एकामागून एक पुष्कळ निगेटिव्ह घ्यायच्या, त्यांतल्या चांगल्या निवडायच्या आणि एकावर एक बरोबर बसवून एकच छाप काढायची. कष्टाचे काम, पण चित्रे उत्तम आली. आजची सारी रीत मुळात हीच आहे. फरक एवढाच की निगेटिव्ह पाच-दहा होत्या, आता चित्रे हजारांनी मोजावी लागतात.

१९७८ साली डेव्हिड फ्रीड या अमेरिकन शास्त्रज्ञाने याचे गणितही मांडले. अगदी कमी वेळाची चित्रे घेत गेले तर हवा निवळल्याच्या क्षणी सापडलेले 'सुदैवी' चित्र हाती लागण्याची शक्यता किती, ते त्यांनी काढले. त्यातली गंमतीची गोष्ट अशी की दुर्बीण जसजशी मोठी, तसतशी ही शक्यता झपाट्याने घटते. मोठ्या आरशासमोर हवेचे अनेक तुकडे एकाच वेळी येतात. ते सगळे एकदम शांत व्हायचे म्हणजे दुर्मिळ योग. आठ-दहा इंची आरशाला मात्र असा योग वरचेवर येतो. लहानाचा फायदा म्हणतात तो असा.

पुढे २००० नंतर साधा वेबकॅम आला, संगणकाशी बोलताना चेहरा दाखवायचा तो. हौशी लोकांनी त्याचे पुढचे भिंग काढून तो दुर्बिणीला बसवला. त्याच सुमारास हॉलंडमधल्या कोर बेरेव्हुट्स यांनी 'रेजिस्टॅक्स' नावाची प्रणाली लिहिली आणि ती सर्वांना फुकट दिली. नंतर त्याच देशातल्या एमिल क्राइकाम्प यांची 'ऑटोस्टॅकर्ट' आली; तीही फुकटच. आज पुष्कळ जण हीच वापरतात. आता तर या कामासाठी खास छोटे कॅमेरे मिळतात, ते सेकंदाला शंभर किंवा त्याहून अधिक चित्रे घेतात.

या प्रणाली करतात काय? आपल्या घरातल्या बाया सुपात धान्य पाखडतात, तेच. दोन मिनिटांचे चलचित्र घेतले तर सेकंदाला शंभर या हिशेबाने १२,००० चित्रे झाली. प्रत्येक चित्र किती रेखीव आहे ते संगणक तपासतो, त्यांची क्रमवारी लावतो आणि आपण सांगू तेवढे दाणे ठेवून बाकीचा कोंडा उडवून देतो. समजा त्याने उत्तम अशी १,६०० चित्रे ठेवली. ती तो एकावर एक नेमकी बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. एकट्या चित्रात पुष्कळ खरखर असते, जुन्या रेडिओत स्टेशन नीट लागले नाही म्हणजे असते तशी. पण खरखर प्रत्येक चित्रात निराळ्या जागी पडते, ग्रहाचा पट्टा मात्र प्रत्येक चित्रात जिथल्या तिथे असतो. म्हणून सरासरीत पट्टा टिकतो आणि खरखर विरते. किती विरते? चित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी. १,६०० चे वर्गमूळ ४०, तेव्हा खरखर चाळीसपट कमी. वर्गमुळाचा असा उपयोग आपल्या गणिताच्या पुस्तकात कुठे दिलेला मला दिसला नाही!

आता प्रत्यक्ष कामाचे सांगतो. आठ इंची, १,२०० मिलिमीटर केंद्रांतराची आरशाची दुर्बीण धरा. तिच्यात गुरूची प्रतिमा पडते जेमतेम पाव मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान. म्हणून मधे बार्लो नावाचे भिंग घालून ती तिप्पट करतात. मग कॅमेऱ्याच्या पटावर गुरू पाऊण मिलिमीटरचा होतो, आणि पटावरचे ठिपके २.९ मायक्रॉनचे असले तर त्याचा व्यास सुमारे २७० ठिपक्यांत बसतो. एवढे पुरे. याहून अधिक मोठा करू गेल्यास तपशील वाढत नाही, अंधूकपणा तेवढा वाढतो.

पृथ्वी फिरते म्हणून आकाश सेकंदाला पंधरा विकला सरकते. गुरू ४५ विकलांचा, म्हणजे तीन सेकंदांत तो स्वतःच्या रुंदीएवढा सरकून जातो. यासाठी आकाशाबरोबर वळणारी यंत्रे मिळतात. ती असली तर उत्तम. साध्या लाकडी बैठकीची दुर्बीण असली, तर ग्रहाच्या थोडे पुढे रोख धरून ठेवावा आणि ग्रहाला चौकटीतून आपोआप जाऊ द्यावे; पुन्हा पुढे जावे, पुन्हा जाऊ द्यावे. असे वीस-पंचवीस तुकडे जोडूनही चांगली चित्रे होतात.

गुरू स्वतःही गप्प बसत नाही. दहा तासांच्या आतच तो स्वतःभोवती एक फेरी मारतो. त्यामुळे त्याच्या मध्यावरचा तपशील मिनिटाला सुमारे पाव विकला सरकतो. दोन-तीन मिनिटांहून लांब चलचित्र घेतले तर हवेने नाही फासले ते गुरू स्वतःच फासतो. शनीला आणि मंगळाला एवढी घाई नाही.

हवेबद्दल मात्र जरा सविस्तर बोलतो, कारण पैसे खर्च न करता जे साधते ते इथेच. लोकांचा समज असा की ग्रहांसाठी काळेकुट्ट आकाश हवे. तसे नाही. ग्रह चांगले तेजस्वी असतात. पुण्या-मुंबईच्या दिव्यांतही ते दिसतात. त्यांना हवी ती स्थिर हवा. तारे फार लुकलुकतात ती थंडीची रात्र कवीला चांगली, आपल्या कामाला वाईट. उलट किंचित धुके आहे, पान हलत नाही, तारे मंद पण शांत आहेत, अशी रात्र दवडू नये. दुर्बीण सिमेंटच्या गच्चीवर किंवा पत्र्याच्या छपराजवळ लावू नये. दिवसभर तापलेला पत्रा आणि स्लॅब रात्री बराच वेळ उष्णता सोडत राहतात आणि नेमकी ती हवा आपल्या दुर्बिणीसमोरून वर जाते. सारवलेले अंगण, गवताचा तुकडा, शेताचा बांध या जागा गच्चीपेक्षा पुष्कळ बऱ्या. खेड्यातल्या माणसाची ही मिळकत शहरातल्याला पैसे मोजून मिळत नाही. दुर्बीण तासभर आधी बाहेर आणून ठेवावी, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका गार होतो. आणि तिचे दोन आरसे एका रेषेत आहेत की नाहीत तेही पाहावे. एखादा तारा मुद्दाम थोडा बिघडवून पाहिला की त्याभोवती कडी दिसतात. ती समकेंद्री असली तर ठीक, एका बाजूला कललेली असली तर मळसूत्रे फिरवून ठीक करावी. याचा आळस करून महागडा कॅमेरा घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी काय बोलावे!

ग्रह जितका डोक्यावर तितकी मधली हवा कमी. या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. इंग्लंडात ग्रह पुष्कळदा क्षितिजापासून जेमतेम वीस-तीस अंश चढतो. महाराष्ट्रात मात्र मिथुनेतला गुरू जवळजवळ डोक्यावर येतो. तिकडचे नामांकित छायाचित्रकार डेमियन पीच यांनी चांगल्या हवेसाठी समुद्रापार बार्बाडोस बेटावर जाऊन फोटो घेतले. आपल्याला ते आकाश घरबसल्या मिळाले आहे, पावसाचे चार महिने सोडून. ग्रह केव्हा चांगला दिसेल ते ठरवायला प्रतियुतीची तारीख पाहावी. त्या दिवशी सूर्य मावळताना ग्रह उगवतो आणि रात्रभर दिसतो. गुरूची प्रतियुती साधारण तेरा महिन्यांनी येते, शनीची वर्षाला दोन आठवडे पुढे सरकते आणि मंगळाची सव्वादोन वर्षांच्या आत-बाहेर. मंगळाची २०२७ ची प्रतियुती १९ फेब्रुवारीला आहे. ग्रह कोणत्या राशीत आहे ते आपल्या निरयन पंचांगात असतेच, आणि ती रास प्रत्यक्ष आकाशातल्या तारकांशी बरीचशी जुळते.

एक इशारा देतो, आणि तो मुलांना दर वेळी द्यावा. दुर्बीण दिवसा सूर्याच्या दिशेने कधीही वळवायची नाही. क्षणार्धात डोळा कायमचा जातो. बुध आणि शुक्र सूर्याजवळ असतात, तेव्हा सूर्य क्षितिजाखाली गेल्याखेरीज त्यांच्या वाटेला जाऊ नये. दिवसा दुर्बीण वर्गात कुलपात असावी.

ज्यांच्याकडे वेगळा कॅमेरा नाही त्यांनी मोबाइल घ्यावा. दुर्बिणीला डोळा लावायच्या भिंगासमोर तो पकडीने घट्ट बसवावा, पडद्यावर गुरूला स्पर्श करून उजेड कमी करावा आणि फोटोऐवजी चलचित्र घ्यावे. पुढची पाखडणी तीच. त्यातही एक काम असे आहे की त्याला पट्टे, डाग काहीच दिसायची गरज नाही. उजेड वाढवला की गुरू पांढराफेक होतो, पण त्याच्या शेजारी एका ओळीत चार ठिपके उमटतात. हे त्याचे चार मोठे चंद्र. गॅलिलिओने ते १६१० च्या जानेवारीत पाहिले. रोज ठरावीक वेळी एक फोटो घेऊन महिनाभर वर्गाच्या भिंतीवर खाली खाली चिकटवत गेले, तर ठिपक्यांच्या वेलांट्या दिसू लागतात. त्यांतला सर्वांत आतला आयो साडेबेचाळीस तासांत फेरी मारतो, बाहेरचा कॅलिस्टो जवळजवळ सतरा दिवसांत. सातवीतली मुले पट्टीने मोजून हे स्वतः काढू शकतात. पुस्तकातला आकडा मागाहून दाखवावा, आधी नाही.

कोणी विचारील, याने शास्त्राला काय मिळते? याचे उत्तर ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली यांच्याकडून घ्यावे. व्यवसायाने हे संगणकाचे काम करणारे. त्यांची साडेचौदा इंची आरशाची दुर्बीण मरम्बेटमन या लहान गावी, घरच्या आवारात. १९ जुलै २००९ च्या रात्री ते गुरूचे फोटो घेत होते. हवा फारशी बरी नव्हती आणि आता पुरे म्हणून ते आवरायच्या बेतात होते. मग आणखी अर्धा तास थांबावे असे त्यांनी ठरवले. तेवढ्यात गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग वळून पुढे येताना दिसला. एखाद्या चंद्राची सावली असेल? पण तिथे सावली पडायला चंद्रच नव्हता. हा डाग नवा, हे त्यांना कशावरून कळले? दोनच दिवसांपूर्वी त्यांनी तोच भाग टिपला होता आणि त्या चित्रात डाग नव्हता. त्यांनी खबर दिली, हवाईमधल्या नासाच्या दुर्बिणीने ती खरी ठरवली आणि काही दिवसांत हबल दुर्बीणही तिकडे वळवण्यात आली. काहीतरी गुरूवर येऊन आदळले होते आणि त्याने पॅसिफिक महासागराएवढा व्रण केला होता. बरोबर पंधरा वर्षांपूर्वी, १९९४ च्या जुलैत, शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर पडले होते, पण त्याची वर्दी आधीच होती. २००९ ची टक्कर कोणालाही न कळता झाली. पुढच्याच वर्षी ३ जूनला गुरूवर दोन सेकंदांची एक ठिणगी चमकली. ती वेस्ली यांच्या चलचित्रात सापडली आणि फिलिपाइन्समधल्या सेबू शहरात क्रिस्टोफर गो यांच्याही. दोन देशांतल्या दोन माणसांना ती एकाच वेळी दिसली, म्हणजे कॅमेऱ्यातला दोष नव्हे, हे लगेच सिद्ध झाले. हेच गो २००६ साली गुरूवरचा एक पांढरा डाग तांबडा झाल्याचे जगाला प्रथम सांगणारे.

मोठ्या वेधशाळांना यांपेक्षा चांगली दुर्बीण आहे, पण वेळ नाही. त्यांच्या रात्री महिने महिने आधी वाटलेल्या असतात. रोज गुरूकडे पाहत बसणारा माणूस हौशीच. २०१६ च्या जुलैत 'जुनो' यान गुरूपाशी पोहोचले. ते दर खेपेला ग्रहाचा थोडाच भाग जवळून पाहते, तेव्हा कुठला डाग कुठे आहे हे ठरवायला हौशी लोकांचे फोटो मागवण्यात आले.

पण फोटो उपयोगी पडायचा तर तो खरा असला पाहिजे, आणि इथे मला काळजी वाटते. सरासरीचे चित्र मऊ असते, ते संगणकावर धारदार करावे लागते. ही धार थोडी जास्त झाली की ग्रहाच्या कडेला नसलेली पांढरी किनार उमटते, शनीच्या कड्यांत नसलेल्या फटी निघतात. मंगळाचा इतिहास आठवावा. १८७७ साली इटलीत स्कियापारेल्ली यांना मंगळावर रेषा दिसल्या, अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल यांनी त्यांना कालवे ठरवून त्यांवर संस्कृती उभी केली, आणि १९०५ साली त्यांच्या वेधशाळेत लॅम्पलंड यांनी मंगळाचे फोटो घेतले. प्रतिमा एवढ्या चिमुकल्या होत्या की ज्याला कालवे हवे त्याला ते दिसले, नको त्याला दिसले नाहीत. १९६५ च्या जुलैत मरिनर-४ यान जवळून गेले. विवरे दिसली, कालवा एकही नाही. तेव्हा मनाने रेषा भरल्या, आता यंत्र भरते. काही मोबाइल चंद्राचा फोटो घेताना पदरचे तपशील घालतात. २०२३ साली कोणी चंद्राचे मुद्दाम पुसट केलेले चित्र पडद्यावर लावून ते दुरून मोबाइलने टिपले, तर पुसट चित्रात नसलेली विवरे फोटोत आली. शाळेत हा प्रयोग जरूर करावा. आपल्या कामात एक साधी तपासणी ठेवावी. थोड्या वेळाने दुसरे चलचित्र घेऊन त्याचे चित्र वेगळे तयार करायचे. जो तपशील दोन्हींत आहे आणि ग्रहाच्या फिरण्याबरोबर सरकलेला आहे तोच खरा. मूळ चलचित्रही पुसू नये, कोणी विचारले तर तेच साक्षीला उभे राहते.

आणि प्रत्येक चित्राखाली तारीख, वेळ, दुर्बिणीचा व्यास आणि हवेची स्थिती लिहावी. वेळ ग्रीनिचची लिहायचा प्रघात आहे. त्यासाठी आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करावेत. रात्री साडेबाराला काढलेला फोटो हा त्या हिशेबाने आदल्या तारखेचा, संध्याकाळी सातचा होतो. हे करताना तारीख बदलायची राहून जाते. एक दिवस इकडचा तिकडे झाला, तर गुरू तेवढ्यात जवळजवळ अडीच फेऱ्या फिरून गेलेला असतो आणि आपला डाग कोणाच्याच डागाशी जुळत नाही.